सहा वर्षं जावा, आता टीम म्हणते एलिक्सर शिका. शिकावी का?

दिघा_लोकल

नमस्कार मंडळी. जावा, स्प्रिंग बूट आणि पोस्टग्रेस डेटाबेस, सहा वर्षं. ऑफिस महापेला. काम गाड्यांच्या ट्रॅकिंगचं. न्हावा शेवाला ये-जा करणारे कंटेनर ट्रेलर, त्यांत बसवलेले जीपीएस ट्रॅकर, आणि प्रत्येक ट्रॅकर दर १० सेकंदांनी आपली जागा सर्व्हरला कळवतो. सध्या १२,००० गाड्या आहेत. ट्रॅकरशी थेट बोलणारा गेटवे नव्याने लिहायचाय आणि नवीन लीडने त्यासाठी एलिक्सर ही प्रोग्रॅमिंगची भाषा सुचवली आहे. चौघांची टीम, चौघांनाही येत नाही, फक्त लीडला येते. शिकायला तीन महिने दिलेत, तेही रोजचं काम सांभाळून.

अडचण अशी की भाषांच्या लोकप्रियतेच्या याद्यांत ही बरीच खाली दिसते. उद्या प्रोजेक्ट गुंडाळला तर ऐरोली ते बेलापूर पट्ट्यात मला हे कोण विचारणार? की सरळ गो किंवा कोटलिन शिकू? ‘शिकलेलं वाया जात नाही’ हे घरचे सांगतातच, त्यामुळे ते सोडून बोला.

पारसिक_बोगदा

आधी आकडेमोड करू, भाषेचं नंतर.

१२,००० गाड्या, दर १० सेकंदांनी एक निरोप, म्हणजे सेकंदाला १,२०० निरोप. ट्रॅकरचा जागा सांगणारा पॅकेट ३५-४० बाइटचा. म्हणजे सेकंदाला ५० केबीसुद्धा नाही. हा भार जावा, गो, एलिक्सर, कुणीही झोपेत उचलेल. तेव्हा कोणी ‘परफॉर्मन्ससाठी एलिक्सर’ म्हणत असेल तर ते कारण बाद धरा. वॉट्सअॅपने अर्लांग भाषेत एका सर्व्हरवर २० लाख कनेक्शन धरून दाखवली होती हे खरं, आणि एलिक्सर त्याच अर्लांगच्या व्हीएमवर (कोड चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनवर) चालते हेही खरं. पण तुमच्याकडे १२,००० आहेत.

तुमची खरी अडचण दुसरीकडे आहे. १,२०० गुणिले ८६,४००, म्हणजे दिवसाला १० कोटींहून जास्त ओळी. उभ्या गाड्यांचे निरोप कमी केले तरी काही कोटी उरतात. एक निरोप आला की एक इन्सर्ट, असं लिहिलंत तर कुठल्याही भाषेत डेटाबेसच आधी दम तोडेल. गठ्ठ्याने टाकावं लागेल, आणि तिथेही एक खोच आहे. पोस्टग्रेस एका क्वेरीत ६५,५३५ पॅरामीटरच घेतो. तक्त्यात ८ रकाने असतील तर एका गठ्ठ्यात जास्तीत जास्त ८,१९१ ओळी. त्याच्या पुढे गेलात की एरर, आणि तो एरर टेस्टिंगमध्ये येत नाही, कारण तिथे गठ्ठा लहान असतो. येतो कधी, तर बोरघाटात रेंज गेलेल्या गाड्या वर येऊन साठवलेले निरोप एकदम ओततात तेव्हा. अर्धा तास रेंज नाही म्हणजे एका गाडीचे १८० निरोप एका झटक्यात. पोस्टग्रेसची कॉपी कमांड (गठ्ठा थेट तक्त्यात ओतणारी) वापरलीत तर ही मर्यादा लागत नाही.

यातलं काहीही भाषा बदलून सुटत नाही. म्हणून लीडला एकच विचारा: जावात न सुटणारी आपली कुठली अडचण एलिक्सर सोडवते? ‘कोड सुंदर दिसतो’ असं उत्तर आलं तर नम्रपणे नाही म्हणा. ‘एका गाडीचं बिघडलेलं कनेक्शन बाकीच्यांना त्रास देतं आणि आपण ते हाताने सांभाळतोय’ असं आलं तर पुढे बोलण्यात अर्थ आहे.

सेमीकोलन_काकू

बोगदा यांचं गणित बरोबर आहे, पण गेटवे हे नेमकं असं काम आहे जिथे ही भाषा शोभते. दोन गोष्टींसाठी.

पहिली म्हणजे पॅकेट फोडणं. आपल्याकडच्या ट्रॅकरांत सर्रास दिसणारा जीटी०६ प्रोटोकॉल घ्या. लॉगिनचा पॅकेट १८ बाइटचा: सुरुवातीला ७८ ७८, मग लांबीचा एक बाइट, मग प्रकाराचा एक बाइट (लॉगिनला ०१, जागेला १२), मग ८ बाइटांत आयएमईआय (ट्रॅकरचा ओळख क्रमांक), २ बाइट अनुक्रमांक, २ बाइट सीआरसी (पॅकेट धड आला का ते तपासणारा आकडा), शेवटी ०डी ०ए. जावात हे वाचताना बाइट चिन्हासकट येतो, म्हणून जागोजागी २५५ शी अँड करावं लागतं. एक विसरलात की १२७ च्या वरचे आकडे उणे होतात. जागेच्या पॅकेटमध्ये तर दोन बाइटांत पहिले ६ बिट झेंडे (जीपीएस लागला की नाही, पूर्व की पश्चिम, उत्तर की दक्षिण वगैरे) आणि उरलेले १० बिट गाडीची दिशा. जावात शिफ्ट आणि मास्क. एलिक्सरमध्ये फंक्शनच्या कंसातच लिहायचं की पहिले सहा बिट हे, पुढचे दहा बिट ते. प्रोटोकॉलच्या कागदावर तक्ता जसा छापलेला असतो तसाच कोड दिसतो. हा नुसता दिखाऊपणा नव्हे, रिव्ह्यू करणाऱ्याला कागद शेजारी ठेवून बोट लावत तपासता येतं.

दुसरी म्हणजे एका गाडीला एक प्रोसेस. ही ऑपरेटिंग सिस्टिमची प्रोसेस नव्हे, बीमची, म्हणजे अर्लांगच्या त्या व्हीएमची. सुरुवातीला तिला अडीच-तीन केबी लागतात. १२,००० म्हणजे ४० एमबीच्या आत. प्रत्येकीची मेमरी वेगळी, कचरा गोळा करणंही वेगळं. एका ट्रॅकरने वेडावाकडा पॅकेट पाठवला तर तेवढीच प्रोसेस मरते, शेजारच्या गाडीला पत्ताही लागत नाही.

आता नवशिके कुठे आपटतात तेही सांगते, कारण ट्यूटोरियलमध्ये हे शेवटच्या पानावर असतं किंवा नसतंच.

सुपरवायझरची (पडलेल्या प्रोसेस पुन्हा उठवणाऱ्या प्रोसेसची) मूळ सेटिंग म्हणजे ५ सेकंदांत ३ वेळा पुन्हा उठवणे. चौथ्यांदा पडलं की सुपरवायझर स्वतः मरतो आणि जाताना आपल्या सगळ्या पोरांना घेऊन जातो. तुम्ही १२,००० गाड्या एका डायनॅमिक सुपरवायझरखाली ठेवल्यात, रीस्टार्टची मूळ किंमत ‘परमनंट’ तशीच राहू दिलीत आणि दोन-तीन खराब ट्रॅकर आले, की सगळा ताफा एकदम तुटणार. ज्या गुणासाठी भाषा घेतली त्याच्या बरोबर उलटं. कनेक्शनच्या प्रोसेससाठी ‘टेम्पररी’ लिहायचं. मेली तर मेली, ट्रॅकर स्वतःच पुन्हा जोडतो.

सॉकेट ‘अॅक्टिव्ह: ट्रू’ वर ठेवू नका. आलेला प्रत्येक तुकडा प्रोसेसच्या मेलबॉक्समध्ये पडतो आणि मेलबॉक्सला वरची मर्यादा नसते. घाटातून वर आलेली गाडी, मागे मंद झालेला डेटाबेस, आणि मेमरी चढत जाते. ‘अॅक्टिव्ह: वन्स’ ठेवा, म्हणजे एक तुकडा हाताळून झाल्यावरच पुढचा मागायचा.

आयएमईआयचा अॅटम (व्हीएमच्या तक्त्यात नोंदलं जाणारं नाव) करून प्रोसेसला नाव देऊ नका. अॅटम कधीच साफ होत नाहीत, १०,४८,५७६ झाले की अख्खा व्हीएम बंद पडतो. गाड्या १२,००० च आहेत म्हणून निर्धास्त राहाल, पण उघड्या पोर्टवर जगभरातून कचरा येतो आणि त्यातल्या प्रत्येक कचऱ्याचा तुम्ही अॅटम करत बसाल. नावावरून प्रोसेस शोधायला रजिस्ट्री आहे.

आणि टीसीपी म्हणजे पॅकेट नव्हे, प्रवाह. अर्धा पॅकेट आत्ता, अर्धा नंतर, किंवा तीन एकदम चिकटून. उरलेला तुकडा प्रोसेसच्या स्टेटमध्ये धरून ठेवायचा. हे जावातही आहेच, पण नवीन भाषा शिकण्याच्या नादात माणूस नेमकं हेच विसरतो.

कळवा_नाका

नोकरीच्या बाजूने लिहितो, कारण वर त्यावर कोणी बोललं नाही.

लोकप्रियतेच्या याद्या या प्रश्नाला निरुपयोगी. टिओबी यादी सर्च इंजिनांत भाषेच्या नावाला किती निकाल येतात त्यावर बनते, पीवायपीएल लोक गूगलवर ट्यूटोरियल किती शोधतात त्यावर. ठाण्यात किंवा तुर्भ्यात पगार कोण देतं हे दोन्हींत नाही. ते स्वतः मोजायचं. नोकरीच्या दोन साइट घ्या, ठिकाण ठाणे, नवी मुंबई, मुंबई, पुणे आणि रिमोट असं वेगवेगळं लावा. भाषेचं नाव टाका आणि वरच्या ३० जाहिराती उघडून वाचा. नुसता वर दिसणारा आकडा घेऊ नका. एलिक्सर नावाच्या कंपन्या आहेत, त्या निकालांत घुसतात. एकच जागा चार कन्सल्टन्सी टाकतात, तीही एकच धरा. ‘असल्यास उत्तम’ म्हणून सातव्या ओळीत नाव असेल तर ती जावाचीच जागा. एलिक्सरसोबत ‘अर्लांग’ आणि ‘फिनिक्स’ (एलिक्सरचं वेब फ्रेमवर्क) हेही शोधा, काही जागा त्याच नावाने निघतात. उरलेल्या जाहिरातींत किती वेगवेगळ्या कंपन्या आहेत तो तुमचा आकडा. शनिवारी सकाळी तासाभराचं काम आहे, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा करा. त्याच जाहिराती तशाच पडून असतील तर एक तर त्यांना माणूस मिळत नाहीये किंवा जागाच खरी नाही. मुलाखतीला फोन आला की ते कळतं.

माझा अंदाज विचाराल तर आपल्या पट्ट्यात अशा जागा हाताच्या बोटांवर, बाकी रिमोट आणि बंगळुरू. त्यामुळे ‘नोकरी बदलायची म्हणून एलिक्सर’ असं असेल तर गो शिका. ‘हातातलं काम चांगलं व्हावं आणि सीव्हीवर एक वेगळी ओळ पडावी’ असं असेल तर चालेल, पण जावा गंजू देऊ नका. एचआरची चाळणी ‘सलग इतकी वर्षं जावा’ अशी असते आणि ती माणूस बघत नाही.

आणि ‘कमी लोकप्रिय’ म्हणजे ‘कमी काम’ नव्हे. कोबोल १९५९ ची भाषा, कॉलेजात कोणी नाव काढत नाही, पण बँका आणि विमा कंपन्यांचे मेनफ्रेम तिच्यावरच चालतात आणि आपल्या पट्ट्यातल्या मोठ्या सर्व्हिस कंपन्या त्यावर माणसं ठेवून आहेत. उलट कॉफीस्क्रिप्ट २००९ ची, चार-पाच वर्षं जिकडेतिकडे तीच, आणि २०१५ च्या जावास्क्रिप्टने तिच्यातल्या चांगल्या गोष्टी उचलल्यावर तिचं कामच उरलं नाही. भाषा लहान आहे का यापेक्षा तिच्यातलं चांगलं मोठी भाषा उचलू शकते का, हे बघा.

वाशी_खाडीपूल

नाका यांच्या शेवटच्या वाक्यावरूनच पुढे जातो, कारण इथे तेच घडतंय.

जावा २१, सप्टेंबर २०२३, व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे जावाने स्वतः सांभाळलेले हलके थ्रेड. एका कनेक्शनला एक थ्रेड, सरळ वरून खाली वाचता येणारा कोड, १२,००० काय लाखभर उघडा. जुन्या थ्रेडना प्रत्येकी १ एमबीचा स्टॅक राखून ठेवावा लागायचा, म्हणून नेटी लायब्ररीसारखी कॉलबॅकची कसरत होती. ती गरज गेली. एकच दुखणं होतं, सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये व्हर्च्युअल थ्रेड अडकला की खालचा खरा थ्रेडही अडकायचा. जावा २४ मध्ये, मार्च २०२५, तेही गेलं. तुम्ही अजून १७ वर असाल तर एलिक्सर शिकण्याआधी जावाच वर न्या, तीन महिन्यांतले दोन वाचतील.

दुसरं, ट्रॅकार. ओपन सोर्स ट्रॅकिंग सर्व्हर, जावात लिहिलेला, दोनशेहून जास्त ट्रॅकर प्रोटोकॉल त्यात आधीच फोडलेले आहेत. काकूंनी जीटी०६ सुंदर समजावला, पण बाजारातले अर्धे स्वस्त ट्रॅकर जीटी०६ ‘सारखे’ असतात. कोणी अनुक्रमांक वेगळा टाकतो, कोणी जास्तीचे बाइट जोडतो. हे सगळे अपवाद ट्रॅकारच्या कोडमध्ये वर्षानुवर्षं साठलेत. ते एलिक्सरमध्ये तुम्हाला नव्याने भोगायचे आहेत. लहान भाषेची खरी किंमत ही असते. व्याकरण महिन्यात येतं, पण न मिळालेल्या लायब्ररीची भरपाई वर्षभर चालते.

म्हणून निर्णयाआधी एक कागद घ्या आणि गेटवे बाहेर कशाकशाशी बोलतो ते लिहा. पोस्टग्रेस? उत्तम. काफ्का? आहे, अर्लांगमधली ब्रॉड लायब्ररी. एडब्ल्यूएस? अधिकृत एसडीके नाही, लोकांनी केलेलं आहे. ओरॅकल? एलिक्सरच्या एक्टो या डेटाबेस लायब्ररीसोबत पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एमएस एसक्यूएल सर्व्हरचे अडॅप्टर येतात, ओरॅकलचा नाही. ग्राहकाची जुनी सोप (एक्सएमएलवर चालणारी) सर्व्हिस? देव तुमचं भलं करो. कागदावरच्या प्रत्येक नावासाठी हेक्स या एलिक्सरच्या पॅकेज साइटवर जाऊन पॅकेजचं पान उघडा आणि शेवटची आवृत्ती कधीची, मालक किती, गिटहबवर उघडे इश्यू आणि त्यांना उत्तरं येतात का, एवढं बघा. एकच मालक आणि दीड वर्ष शांतता असेल तर ते पॅकेज ‘आपलं’ धरायचं, म्हणजे बिघडलं तर आपणच दुरुस्त करायचं. अशी तीनपेक्षा जास्त निघाली तर मी नाही म्हणेन.

भाषा चालवणारं कोण, तेही बघा. एल्मची ०.१९ आवृत्ती २०१८ ला आली, तिने जावास्क्रिप्टशी थेट बोलायची वाट बंद केली, २०१९ च्या ०.१९.१ नंतर मोठं काही आलेलं नाही. भाषा वाईट नव्हती, पण किल्ली एकाच्याच हातात होती. झिग अजून १.० ला पोचलेली नाही, दर आवृत्तीला कोड मोडतो. हौसेला ठीक, १२,००० गाड्यांना नाही.

सेमीकोलन_काकू

खाडीपूल, ट्रॅकारचं मान्य. ताफ्यात पाच-सहा प्रकारचे ट्रॅकर असतील तर मीही गेटवे नव्याने लिहायच्या विरोधात. दिघा यांनी आधी ते सांगावं.

पण व्हर्च्युअल थ्रेड म्हणजे बीम नव्हे. थ्रेड स्वस्त झाले, पण ढीग (हीप, सगळ्यांची सामाईक मेमरी) एकच राहिला. एका गाडीच्या कोडने मेमरी खाल्ली की आउट ऑफ मेमरी सगळ्यांनाच. कोण कोणावर लक्ष ठेवतं, कोण पडल्यावर कोणाला उठवायचं, ही रचना तुम्हालाच लिहावी लागते. शिवाय बीम प्रत्येक प्रोसेसला ठरावीक कामापुरतीच पाळी देतो आणि पुढच्याला वळतो, त्यामुळे एका गाडीचा लांबलेला हिशेब बाकीच्यांना ताटकळत ठेवत नाही. व्हर्च्युअल थ्रेड आकडेमोडीत गुंतला की स्वतःहून बाजूला होत नाही.

एल्मची भीती इथे लावू नका. एलिक्सरची १.० सप्टेंबर २०१४ ची, तेव्हापासून १.x च चालू आहे, जुना कोड फारसा मोडत नाही. आणि खाली अर्लांग आहे, एरिक्सनमध्ये १९८६ पासूनची, १९९८ पासून ओपन सोर्स. एलिक्सरचे कर्ते जोझे वालिम यांनी उद्या ती सोडली तरी खालची जमीन हलत नाही. जावातलं चांगलं एलिक्सरला मिळेल की उलटं, याला महत्त्व नाही, कारण इथे मुख्य गुण भाषेचा नसून व्हीएमचा आहे.

एक फायदा कोणी सांगितला नाही. तुमच्याकडे रॅबिटएमक्यू (निरोपांची रांग सांभाळणारा सर्व्हर) असेल तर तो अर्लांगमध्ये लिहिलेला आहे. त्याचा लॉग मध्यरात्री उघडल्यावर महिरपी कंसांचा जो डोंगर दिसतो, त्यात ‘बॅडमॅच’, ‘नोप्रॉक’, ‘फंक्शन क्लॉज’ हे शब्द वाचता आले तर निम्मं काम झालं. एलिक्सर महिनाभर केली की तो डोंगर वाचता येतो. प्रोजेक्ट गुंडाळला तरी हे राहतं.

दिघा_लोकल

सगळ्यांचे आभार. माहिती जोडतो. ट्रॅकर दोनच प्रकारचे, दोन्ही जीटी०६ घराण्यातले. रॅबिटएमक्यू आहे. ओरॅकल नाही, सोप नाही. जावा १७ आहे, २१ वर न्यायला वरून मंजुरी हवी, ती या वर्षी मिळेल असं वाटत नाही. हसू नका. नाका यांनी सांगितलं तसं मोजलं, ठाणे आणि नवी मुंबई मिळून चार खऱ्या कंपन्या निघाल्या, पैकी दोन रिमोटवाल्याच.

लीडला बोगदा यांचा प्रश्न विचारला. उत्तर आलं की आजच्या गेटवेत एक ट्रॅकर अर्धवट पॅकेट पाठवून थांबला की त्या थ्रेडपूलमधला थ्रेड अडकतो, आणि असे पुरेसे जमले की नवीन गाड्या जोडल्याच जात नाहीत. मग कोणीतरी सर्व्हिस रीस्टार्ट करतं.

आता प्रश्न एवढाच: पूर्ण तीन महिने न गुंतवता कसं ठरवू?

पारसिक_बोगदा

लीडचं उत्तर खरं आहे, पण ती अडचण जावात सॉकेटला रीड टाइमआउट लावूनही सुटते. आज संध्याकाळी लावा. ३० सेकंद. ते लावल्यावर रीस्टार्ट थांबले तर एलिक्सरची निकड अर्ध्यावर येईल आणि निर्णय शांतपणे घेता येईल.

सेमीकोलन_काकू

बोगदा म्हणतात ते आधी करा, खरंच. पण ट्रॅकर दर १० सेकंदांनी बोलतो हे फक्त चालू गाडीला. इग्निशन बंद असताना बरेच ट्रॅकर काही मिनिटांनी एकदा हार्टबीट पाठवतात, त्यामुळे सरसकट ३० सेकंद लावलेत तर उभ्या गाड्या तुटत-जोडत राहतील. टाइमआउट दोन लावा: पॅकेट अर्धा आला असेल तर ३० सेकंद, दोन पॅकेटच्या मधे १० मिनिटं.

ठरवण्यासाठी चार शनिवार-रविवार पुरतात. ठाणे-ऐरोली लोकलमध्ये दहा मिनिटांत शिकण्यासारखी ही भाषा नाही, सलग बसावं लागतं.

पहिल्या वेळी फक्त लाइव्हबुक (ब्राउझरमध्ये एलिक्सर चालवून बघायची वही) टाका आणि अधिकृत मार्गदर्शिकेतले पॅटर्न मॅचिंग, रिकर्शन, एनम (याद्या हाताळणारं मॉड्यूल) एवढेच धडे. जावावाल्याला इथे सगळ्यात जास्त छळतं ते म्हणजे जुनी किंमत बदलत नाही, व्हेरिएबलचं नाव नवी किंमत धरतं. लूपच्या आत बाहेरचा काउंटर वाढवायला जाल आणि तो बाहेर शून्यच राहील. वैतागून सोडू नका, दोन दिवसांत हात बसतो. फिनिक्सकडे वळूच नका, तुम्हाला वेबसाइट करायची नाही.

दुसऱ्या वेळी पॅकेट फोडणारं एक मॉड्यूल, नेटवर्कशिवाय. तुमच्या आजच्या लॉगमधले हजारभर खरे पॅकेट घ्या, जावाच्या पार्सरमधून आणि नव्यातून काढा, उत्तरं ताडून बघा. सीआरसी-१६ भाषेसोबत तयार येत नाही, अर्लांगमध्ये सीआरसी-३२ आहे. २५६ आकड्यांचा तक्ता करून वीस ओळींत होतं. हिशेब लांबीच्या बाइटपासून अनुक्रमांकापर्यंत, सुरुवातीचे ७८ ७८ त्यात धरायचे नाहीत. बहुतेक जण तिथेच चुकतात.

तिसऱ्या वेळी सॉकेट. जेन-टीसीपी (अर्लांगचं टीसीपी मॉड्यूल) थेट वापरलात तर बॅकलॉग, म्हणजे दारात थांबलेल्या कनेक्शनांची रांग, मुळात ५ असतो. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर १२,००० गाड्या एकदम दार ठोठावतात, तेव्हा ५ म्हणजे काहीच नाही. रँच किंवा थाउजंड आयलंड लायब्ररी घ्या, पण रँचची कनेक्शनची मूळ मर्यादाही तुम्हाला पुरत नाही, ती हाताने वाढवा. लिनक्सची फाइल मर्यादाही बघा, बऱ्याच मशीनवर ती १,०२४ असते. लॉगिनला उत्तर पाठवायला विसरू नका, नाहीतर ट्रॅकर रागावून तोडतो आणि परत लॉगिन करत राहतो.

चौथा शनिवार-रविवार मोडतोडीचा. मिक्स रिलीज (चालवायला तयार गठ्ठा) करून टेस्टच्या मशीनवर टाका. लॅपटॉपच्या उबुंटूवर बांधून अल्पाइन कंटेनरमध्ये टाकलात तर चालणार नाही, रिलीजमध्ये व्हीएमही येतो आणि त्याला खालची सी लायब्ररी तीच लागते. मग स्क्रिप्टने २०,००० नकली गाड्या जोडा, पाच टक्के अर्धा पॅकेट पाठवून गप्प बसणाऱ्या, काही कचरा पाठवणाऱ्या. मधेच पोस्टग्रेस बंद करा. पाच मिनिटांनी चालू करा. रिकॉन (चालू व्हीएम तपासायचं साधन) लावून सगळ्यात मोठा मेलबॉक्स कोणाचा ते बघा. हमखास तो डेटाबेसला लिहिणाऱ्या एकट्या जेनसर्व्हरचा (निरोप एकेक करून हाताळणाऱ्या प्रोसेसचा) असेल, कारण सगळ्या गाड्या त्याच्याच दारात उभ्या. त्याला कॉल केलात (उत्तराची वाट बघत) तर ५ सेकंदांनी टाइमआउट होऊन विचारणारी गाडीची प्रोसेस मरते, कास्ट केलात (वाट न बघता) तर मेलबॉक्स फुगतो. हे तुम्हाला स्वतः शोधून दुरुस्त करता आलं तर भाषा घ्या. लीडला फोन करावा लागला तर घेऊ नका, कारण रात्री दोनला लीड रजेवर असू शकतो.

वाशी_खाडीपूल

हे मलाही पटतं. फक्त हे चारही जणांनी करा, एकट्याने नको. चारातल्या दोघांना चौथा टप्पा जमला नाही तर लीड गेल्यावर हा कोड अनाथ. तोवर पॅकेटची हजारभर उदाहरणं आणि त्यांची उत्तरं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा, कुठल्याही भाषेच्या टेस्टमध्ये नको. उद्या परत जावात यायचं झालं तर तीच फाइल कामी येईल.

दिघा_लोकल

टाइमआउट दोन प्रकारचे आजच लावतो. पहिल्या फाइलसाठी एखादं उदाहरण देता का, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे?

सेमीकोलन_काकू

घ्या. अक्षांशाचे चार बाइट ०२ ०एफ ५८ ००. दशमानात ३,४५,६०,०००. जीटी०६ मध्ये याला १८,००,००० ने भागायचं, उत्तर १९.२, म्हणजे आपलं ठाणंच. जावात दोन्ही बाजू इंट ठेवल्यात तर १९ येईल आणि गाडी पार पनवेलच्या दिशेला सरकेल. एलिक्सरची तिरकी रेघ नेहमी दशांशातच उत्तर देते, पूर्णांक हवा असेल तर डिव्ह लिहावं लागतं. बाइट उलट क्रमाने वाचलेत तर ५७,७१,०१० येतं, म्हणजे ३.२ अंश, गाडी थेट समुद्रात.